साजूक तुपातला क्लच

आमचे मामेसासरे, म्हणजे माझ्या बायकोचे मामा, जन्मात फक्त दोन दिवस खोटं बोलले, आणि तेही एका क्लचपायी. एरवी त्यांच्या खरेपणाला सगळी बोरिवली टरकून असे. लग्नाच्या भर पंगतीत यजमानांना "श्रीखंड आंबलंय हो तुमचं" असं सांगून वर दोनदा वाढून घेणारा हा माणूस. मी त्यांच्या भाचीला बघायला गेलो तेव्हा रीतीप्रमाणे पोह्यांची तारीफ केली, तर म्हणाले, "ते हिच्या मामीनं केलेत. मुलीला फोडणी जमत नाही. पुढं जमेल असंही वाटत नाही." मी त्याच दिवशी होकार कळवला, कारण या घरात फसवणूक व्हायची नाही एवढी खात्री पटली. फोडणीबद्दलचा त्यांचा अंदाजही पुढे खरा ठरला.

देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी दोन माणसांची, लाल रंगाची, उघडी स्पोर्ट्स कार घेतली होती. गाडी इतकी बुटकी की माणूस आत बसतोय की पडतोय ते बघणाऱ्याला कळत नसे. मागची डिकी उघडली की तिसऱ्यालाही गुडघे छातीशी घेऊन बसता येई. मामा फोर्टातल्या एका कचेरीत नकाशे काढत, पण त्यांचं खरं आयुष्य अंगणातल्या आंब्याखाली, त्या गाडीच्या पोटाखाली गेलं. कुणी "झकास गाडी आहे हां मामा" म्हटलं की त्याला तिथल्या तिथे सांगत, "दिसायला. चढ दिसला की रडते."

मामी मात्र त्या गाडीत कधीच बसल्या नव्हत्या. शेजारच्या सीटवर कायम पाने, जॅक आणि ग्रीसचा डबा. "माहेरच्या दारात उतरवाल त्या दिवशी बसेन," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. माहेर ठाण्याला, आणि वाटेत घोडबंदर रस्त्यावरची गायमुखची चढण. तिकडे मामींच्या आई थकत चालल्या होत्या. लेकीला एकदा जावयाच्या मोटारीतून उतरताना बघायचं, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं. शेवटी मामांनी शब्द दिला की यंदा दसऱ्याचं सोनं द्यायला मोटारीनंच जायचं.

शब्द दिला आणि आठ दिवसांत क्लच गेला. मामी म्हणाल्या, "पितृपक्षात गाडी उघडू नका हो." मामा म्हणाले, "अगं, ती आधीच पितरांत जाऊन बसलीय." आणि मला बोलावणं आलं. इतर घरांत जावयाला पाट आणि रांगोळी मिळते; मला गाडीखाली गोणपाट मिळालं. गिअरबॉक्स छातीवर झेलून मी पडलेला आणि वरून मामांचा आवाज, "जावईबापू, हलू नका. तुम्ही कामाचे नाही, पण टेकू म्हणून बरे आहात."

गिअरबॉक्समागून जात्याएवढं लोखंडी फ्लायव्हील निघालं. त्याचे दात झिजलेले आणि तोंडावर चरे पडलेले. ते माजघराच्या दाराला टेकण म्हणून गेलं. दुसरं कुर्ल्याच्या भंगारातून आलं. नवी क्लच प्लेट मात्र बोटीवरच्या एका ओळखीच्या माणसानं आणली, ती थेट अष्टमीच्या संध्याकाळी. मामांनी ती धुतलेल्या पंच्यात गुंडाळली आणि मामींना समजावलं, "ही प्लेट त्या चाकाला घट्ट धरते तेव्हा गाडी चालते. तेलाचा थेंब लागला की घसरलीच. हिचं सगळं सोवळ्यातलं आहे, कुणी शिवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मामा आंघोळ करून बाहेर आले आणि मी त्यांच्यामागून. ओट्यावर पाट मांडलेला, पाने आणि हातोड्या ओळीनं, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मधोमध क्लच प्लेट, समईच्या उजेडात चकाकत होती.

"तेल चालत नाही म्हणालात ना," मामी म्हणाल्या, "म्हणून घरचं साजूक तूप लावलंय. चांगलं चोळून."

मी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत मामींनी त्या गाडीच्या वस्तूला आपणहून हात लावला होता, तो हा असा. दुसरी प्लेट मिळायला पुढची दिवाळी उजाडली असती. मामांनी पाटाकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं.

"बरं केलंस," ते म्हणाले.

मामी देवघरात गेल्यावर आम्ही ती प्लेट पेट्रोलनं धुतली, पुसली, पुन्हा धुतली. "अस्तरात मुरलंय," मामा पुटपुटले, "तापलं की बाहेर येणार." तरी संध्याकाळपर्यंत सगळं बसवलं.

दसऱ्याला मामी नऊवारी नेसून पुढे बसल्या, आपट्याची पानं मांडीवर. मी डिकीत. सपाटीवर गाडी मजेत पळाली. गायमुखची चढण लागली आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी जागची हलेना. पाठोपाठ खमंग वास सुटला. आजूबाजूला झाडी आणि खाडी, घर एक नाही.

"अहो, तूप कढवल्यासारखा वास येतोय," मामी म्हणाल्या.

"खालच्या गावात कढवत असतील. सण आहे," मामा म्हणाले. "क्लच बसवताना माझाच हात चुकला. थांब, उलटी घेऊ. रिव्हर्सला जोर जास्त असतो."

तो सबंध चढ आम्ही पाठमोरे चढलो. सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचलो तो डिकीतला मी. पलीकडे उतारच होता. ठाण्यात आजींना खुर्चीसकट दारात आणून बसवलं होतं. लेक उतरताना त्यांनी डोळे भरून पाहिलं, गाडीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. देवघरासारखा वास येतो हिला." मामांनी वाकून त्यांच्या हातावर सोनं ठेवलं. गाडीची तारीफ ऐकून तिचा दोष न सांगण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

आजी त्या थंडीत गेल्या. पुढे मामाही गेले, गाडीही गेली. गेल्या खंडेनवमीला मी बोरिवलीला गेलो तर मामी दाराला टेकलेल्या त्या जुन्या फ्लायव्हीलवर कोरडं कुंकू लावत होत्या. तुपाची वाटी मुद्दाम लांब ठेवलेली.

"मामी, तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"मग? घरचं तूप मला वासावरून कळणार नाही होय?" त्या म्हणाल्या. "सगळ्या गावाला तोंडावर खरं सांगत फिरायचे. म्हटलं, जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी खोटं बोलताहेत, तर बोलू देत." मग त्यांनी झेंडूचं फूल त्या चाकावर नीट मधोमध ठेवलं आणि मला पोहे आणायला आत गेल्या.