प्रमोदभाऊंनी जुळवलेली रॅम

एका मंगळवारी सकाळी देवळीहून फोन आला. तिथले संगणक दुरुस्त करणारे प्रमोदभाऊ गेले. त्याला आता महिना होत आला.

आमची ओळख दोन वर्षांची. माझी आई गोंडीतून गोष्टी सांगते. आमच्या घरात ती भाषा आता तिच्याशिवाय कोणी बोलत नाही. तिच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून, एकेक शब्द तिलाच विचारत मी लिहून काढत होते. अलीकडे तिला शब्द आठवेनासे झाले होते, आणि माझा जुना, स्वस्तातला संगणक दर दोन वाक्यांनी अडकायचा... "तुही मशीन झोपली, तं मीबी झोपतो," म्हणून आई कूस बदलायची.

मेमरी वाढवली की काम होईल, असं वाचून मी नागपूरहून आठ जीबीची रॅम आणली आणि संगणकासह भाऊंच्या दुकानातल्या टेबलावर ठेवली. त्यांनी संगणक उघडून आतली रॅमची जुनी पट्टी काढली, माझ्या पट्टीशेजारी ठेवली. जुनी डीडीआर-थ्री प्रकारची, मी आणलेली डीडीआर-फोर. दोन्हींच्या खाचा एका रेषेत नव्हत्या.

"ताई, जीबी सगळेच पाहतात. आधी खाच पाहा लागते," ते म्हणाले. "जोर लावसान तं बोर्डच जाईन."

मग बोर्डावरचा बारीक नंबर भिंगातून वाचून त्यांनी कागदावर उतरवला आणि त्याला कोणती पट्टी, किती जीबीपर्यंत चालते, ते कंपनीच्या यादीत शोधलं. माझ्यासारख्या, आयुष्य पुस्तकांत गेलेल्या बाईला संदर्भ तपासणारा माणूस लगेच ओळखू येतो.

तरीही त्यांनी मागवलेली पहिली पट्टी चुकली. खाच बसली, पण पडदा काळाच राहिला. ती दुसऱ्याच कंपनीच्या प्रोसेसरवर चालणारी निघाली. विकणाऱ्याला दोष देता आला असता... भाऊंनी चूक आपली मानली. रविवारी एसटीनं आमच्या गावी आले, दुसरी पट्टी बसवली आणि पूर्ण तपासणी होईपर्यंत थांबले. आईनं त्यांना गोंडीत काहीतरी विचारलं. ते नुसते हसले. "हसून काय राह्यला? जेवला का, इचारलं," आई म्हणाली आणि त्यांना भात वाढला.

संगणक पुन्हा अडकला नाही.

परवा भाऊंच्या पत्नीला, वहिनींना, भेटायला दुकानात गेले. भाऊंचा स्वतःचा संगणक सुरू व्हायला फार वेळ घेत होता. वहिनी म्हणाल्या, त्यातली एक पट्टी तुमच्याकडं आहे; दुसरी आणू म्हणत होते, राहून गेलं. मला हे ठाऊकच नव्हतं. उद्याच परत आणून देते, असं मी म्हटलं.

"आईच्या गोष्टी झाल्या का लिहून?" त्यांनी विचारलं.

"पाच राहिल्या."

"मंग राहू द्या तिथंच."

पट्टी माझ्या संगणकात आहे. काल एक गोष्ट लिहून झाली. चार राहिल्या आहेत.