सलीमभाईची वीत

गिझरच्या टाकीत बोरच्या पान्याचा पांढरा थर जमते ना, तसे आमच्यापाशी किस्से जमले. खरवडून काढा, पुढच्या हिवाळ्यात परत तयार. आम्ही म्हंजे मी अन् माहा जोडीदार सलीमभाई. आर्णीत गिझर बसवतो. अन् खोटं कायले बोलू, यातले बहुतेक किस्से माह्याच अकलेचे आहेत.

*

सुरुवातीले बाभुळगावच्या एका गुरुजीकडं एकटाच गेलतो. सलीमभाईनं फोनवर सांगतलं, "भिंतीपासून वीतभर जागा सोड. उद्या झाकण खोलाचं काम पडते." सोडली. वर्षभरानं खोलाले गेलो तं पेचकस आत जाईच ना. टाइल फोडा लागली. गुरुजी म्हने, "गिझर टांगला होता का भिंतीत गाडला होता?"

सलीमभाईनं विचारलं, "वीत कोनाची मोजली?"

"माही."

त्यानं माहा हात आपल्या हातावर ठेवला. त्याची बोटं पेरभर वर उरली. "एवढ्या जागेत तं उंदीर बी अडकन," म्हने. मंग आपला पंजा प्लायवूडवर ताणून ठेवला, पेन्सिल फिरवली अन् कापून मले देल्ला. तवापासून तो लाकडी पंजा माह्या बॅगेत असते.

एका घरी आजीबाईनं त्या पंज्याले हळदकुंकू वाहिलं. कोन समजावत बसते? मीही हात जोडले.

*

दिग्रसच्या एका काकूच्या मागच्या अंगनात गॅसचा गिझर लावला. चारी बाजूनं जागा मोकळी सोडली, स्वतःवरच खूश झालो. महिन्यानं गेलो तं त्या जागेत चुलीसाठी कापसाच्या पऱ्हाट्या ठासून भरल्या होत्या.

"भाऊ, इथं लवकर वाळतात," काकू म्हने.

आत गॅसचा जाळ, अन् भोवती हे सरपन. पऱ्हाट्या मीच उपसल्या. काकूची काय चूक? जागा सोडली, पन कायले सोडली ते मीच सांगतलं नव्हतं.

*

आता घरचं. पोरगी पल्लवी बाळंतपनाले येनार होती, संगं विहीनबाई. गावभर गिझर लावले, माह्या घरी मात्र चुलीवर गंजभर पानी तापे. बायकोनं बजावलं, "पोरगी यायच्या आत गिझर लागला पाह्यजे. नाही तं विहीनबाईपुढं माही मान खाली."

सलीमभाई गावाले गेलता. मी एकटाच भिडलो. "धूळ सैपाकात येते, बाथरूमचं दार लावून घ्या," बायको म्हने. घेतलं. कोपऱ्याच्या भिंतीले पंजा लावला. मनात आलं, पोरीसाठी आहे, एक वीत काहून, दोन सोडू. सोडल्या. नट आवळले, नळ्या कसल्या, सारी हत्यारं बॅगेत भरून ऐटीत खिडकीतून बायकोच्या हाती देल्ली. "झालं काम."

मंग दार ओढलं. आमचं बाथरूम ठेंगनं, अन् दार आत उघडते. तीन बोटं उघडलं अन् दुसऱ्या वितीनं पुढं आलेल्या गिझरले टेकलं.

तेवढ्यात बाहेर ऑटो थांबला. बायको बॅग घेऊनच अंगनात पळाली. विहीनबाईचा आवाज आला. मी आत, हत्यारं बाहेर. थोड्या वेळानं दाराच्या फटीत पल्लवीचा डोळा दिसला.

"बाबा, गरम पानी येते का?"

"येते ना बेटा."

"मंग तुम्ही काहून येऊन नाही राह्यले?"