हिराबायच्या वाट्याचा तांदूळ

भुकेवर मी इतकी भाषणं केली की शेवटी आमच्या वर्गातल्या सायलीनेच विचारलं, "सर, आपण उपाशी माणसाला प्रत्यक्ष कधी भेटणार?"

प्रश्न झोंबला. नाशिकच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो आणि वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलं तयार करतो. भूक आभाळातून पडत नाही, ती माणसंच घडवतात, असं मी टेबलावर मूठ आपटून सांगत आलोय, आणि आजही मला ते तितकंच खरं वाटतं. मग मुलांनी वर्गणी काढली, ओळखीच्या दुकानदारांनी डाळ-तेल दिलं आणि मे संपता संपता आम्ही पालघर जिल्ह्याकडे निघालो. पुढे मिनीबस, मागे धान्याचा टेम्पो.

या वाटेने जाणार असाल तर पहाटे निघा. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत मनोरला उतरेपर्यंत उन्हाचा तडाखा सुरू होतो आणि वळणं इतकी की गाडी लागणाऱ्यांची खैर नाही. मनोरच्या बाजारात गरम भजी आणि चहा मिळाला आणि मुलांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मुक्काम बोईसरला एका साध्या लॉजमध्ये. खोल्या स्वस्त आहेत, फक्त पैसे देण्याआधी पंखा फिरतो का ते बघून घ्या. आम्ही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी जवळच्याच सालवडला गेलो. तारापूरच्या कारखान्यांत राबणारे कामगार इथे भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. एका खोलीत स्टोव्हवर पातेलं चढलं होतं. मुलांनी आत डोकावलं तसा रामबचन नावाचा माणूस हसत म्हणाला, "आइए, आइए। इस पानी में जो दाल ढूँढ निकालेगा, उसको इनाम।"

महिनाअखेर म्हणजे असंच, असं त्याचं म्हणणं. भिंतीशी एक ताट झाकून ठेवलं होतं. सायलीने विचारलं, "ये किसका है?"

"जो ड्यूटी से नहीं आया, उसका।"

"और वो बाहर खाके आया तो?"

"तो गाली खाएगा। मगर थाली तो रखनी पड़ती है ना, बहनजी।"

आम्ही तिथे डाळ-तेलाची पाकिटं दिली, फोटो काढले, निघालो. परतताना बसमध्ये मी मुलांना वेतन आणि महागाईवर चांगलं अर्धा तास समजावलं. झाकलेल्या ताटाबद्दल एक शब्द बोललो नाही. मला त्यात बोलण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एडवण. पालघरहून माहीम-केळव्याचा रस्ता धरला की सुरूची झाडं आणि वाड्या यांच्यामधून गाडी जाते, आणि मग एकदम समुद्र. किनारा सुंदर आहे, पण त्या दिवसांत गाव घाईत होतं. पावसाळ्याची मासेमारी बंदी तोंडावर आलेली, होड्या वर ओढायचं काम चाललेलं. अंगणात बोंबील आणि जवळ्याच्या गोण्या भरत हिराबाय बसली होती. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत, हात एक क्षण थांबत नव्हते.

"फोटो काढताव तं काढा, पन वासाने चक्कर आली तं उचलायला आमी नाय येनार," ती मुलांना म्हणाली.

पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या जिनसांना इकडे आगोट म्हणतात. या आगोटीसाठी हिराबाय दरवर्षी सुकी मासळी घेऊन मनोरपलीकडच्या एका पाड्यावर जाते. तिथे लक्षी नावाची बाई तिला हातसडीचा तांदूळ आणि वाल देते. मासळीच्या बदल्यात धान्य, मध्ये पैसा नाही. दोघींच्या सासवांपासून हे चालत आलेलं. बंदीच्या महिन्यांत हिराबायच्या घरात तो तांदूळ शिजतो, आणि पावसात भाजी महागली की लक्षीच्या घरात हा जवळा.

ती दुसऱ्या दिवशी निघणार होती, आणि योगायोग असा की आम्हीही त्याच दिवशी त्याच पाड्यावर जाणार होतो.

"सर, मग यांना आपल्या टेम्पोतून नेऊ या ना," सायली म्हणाली. "जागा आहे."

तेवढंच करायचं होतं. पण माझ्यातला वक्ता उठून उभा राहिला. या बाईने या वयात गोण्या घेऊन उन्हात का फिरावं? पाड्यावरच्या लोकांनी आपला पिकवलेला तांदूळ माशांसाठी का द्यावा? आमच्याकडे वर्गणीचे पैसे शिल्लक होते. मी म्हणालो, "हिराबाय, सगळी मासळी आम्ही घेतो, तुम्ही सांगाल त्या भावाने. पाड्यावर आम्हीच वाटू. तुमचा फेरा वाचेल आणि त्यांचा तांदूळही वाचेल."

तिचे हात थांबले. "लक्षी वाट बघत आसंल."

मी तिला पटवून दिलं. कसं, ते आता आठवायला नको वाटतं. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, हे मला येतं. होडीच्या इंजिनाचं काम निघालंय, पैसे लागतील, असं आतून तिचा नवरा म्हणाला, आणि हिराबायने गोण्यांची तोंडं बांधायला घेतली. सायली काहीतरी म्हणायला लागली, तेव्हा मी तिला म्हटलं, "कुणाचे कष्ट वाचवणं हीच सेवा." ती गोण्या मोजायला लागली. स्पर्धेत मी मुलांना शिकवतो ना, समोरच्याला उत्तर सुचू द्यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी पाडा. मनोर सोडून आत वळलं की रस्ता कच्चा, शेवटचा टप्पा आम्ही पायी, टेम्पो तेवढा कसाबसा आत गेला. मुलांनी गोण्या उतरवल्या, जवळा आणि बोंबलाचे सारखे वाटे केले, घरटी एक पाकीट, सोबत डाळ आणि तेल. लोकांनी घेतलं, पोरं खूश. मी थोडक्यात बोललोही.

मग एक उंच, सडपातळ बाई आली. मागे तिचा नवरा, त्याच्या डोक्यावर पोतं.

"हिराबाय कुठंय?"

"त्या नाही आल्या," मी म्हणालो. "मासळी त्यांचीच आहे. आम्ही विकत घेऊन मोफत वाटतोय. तुमचा तांदूळ आता तुमच्याकडेच राहू द्या."

म्हणजे हीच लक्षी. तिने विचारलं, "बरी हाय ना ती?"

"बरी आहे."

"मग का नाय आली?"

सायलीने तिच्या हातात पाकीट ठेवलं. लक्षीने ते उघडून बघितलं.

"एवढीशी? आखाडात काय खाऊ मी?"

तिच्या वर्षाची मासळी आम्ही समान न्यायाने अख्ख्या पाड्याला वाटून टाकली होती. लक्षीच्या नवऱ्याने पोतं टेम्पोजवळ उतरवलं. मी हात जोडून नको म्हणालो, तर ती तडकली. "तुमाला कोन देतंय? हिराबायचा हाय. मासळी तिची आली, तांदूळ तिला जायालाच पायजे. वर्सभर राखलाय."

वाल वेगळ्या फडक्यात बांधलेले होते. चौथ्या दिवशी घरी परतण्याऐवजी आम्ही पोतं घेऊन पुन्हा एडवणला गेलो.

हिराबायने पोतं ओळखलं. हात लावला नाही.

"पैसे घेतले मी. आता तांदूळपन घेऊ? लक्षी मला काय समजंल?"

"मग परत देऊन येतो."

"आनि तिला वाटूं द्या, हिरानं माजा तांदूळ टाकला?"

"मग तुम्हीच चला, आत्ता, आमच्या गाडीतून. समोरासमोर बोला."

"रिकाम्या हातानं?" ती म्हणाली. "मासळी तं तुमी वाटलीव ना, मास्तर."

होड्या वर आल्या होत्या. नवे बोंबील सुकायचे ते दिवाळीनंतर. शेवटी तिनेच निकाल दिला: "तुमच्याकडंच ऱ्हाऊं द्या. मासळी झाली की मी जाईन तिच्याकडं, तवा घेईन. किडे लागू देऊ नका."

"तोवर तुम्ही काय खाणार?"

"दुकानातला," ती म्हणाली आणि आत गेली. मासळीचे पैसे तोपर्यंत इंजिनात गेलेले होते.

परतीच्या घाटात, जव्हारच्या अलीकडे सायली मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, "ते झाकलेलं ताट होतं ना सर, सालवडला. आपण तेच उचलून दुसऱ्यांना वाटलं."

विद्यार्थ्यांना घेऊन तिकडे जाणार असाल तर जरूर जा. लोक प्रेमाने बोलतात, शिकण्यासारखं खूप आहे. वाटण्याआधी फक्त एवढं विचारा, की इथे कोण कुणाची वाट बघतंय. भूक माणसंच घडवतात, हे मी सांगत आलो. या खेपेला कुठल्या माणसांनी, तेही मला ठाऊक आहे.

पोतं माझ्या घरी आहे. ऊन पडलं की सायली आणि मी गच्चीवर चादर अंथरून तांदूळ पसरतो, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा भरतो. मध्ये हिराबायला फोन केला. कशी आहे ते सांगितलं नाही, पहिला प्रश्न तांदळाचाच. परवा एका संस्थेकडून भुकेवर व्याख्यान द्यायला बोलावणं आलं. अजून कळवलेलं नाही. आज ऊन चांगलं आहे, आधी चादर अंथरायची आहे.