कंदील जळत होता

माझे सासरे घरात कमी आणि गावात जास्त राहत. मंठ्याच्या अलीकडे, वाटूरच्या रस्त्याला लागून आमचं गाव. तिथं त्यांचं इंजिनांचं आणि पंपांचं दुकान होतं. दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण गल्ल्यावर बसायचा तो माझा नवरा. मामंजी कुठं? शाळेचे पत्रे उडाले म्हणून शाळेवर. एस.टी.च्या फाट्यावर निवारा बांधायचाय म्हणून फाट्यावर. कुणाच्या बाळंतीण सुनेला जालन्याला न्यायचंय म्हणून जीपमध्ये. सासूबाई म्हणायच्या, "लष्कराच्या भाकरी भाजायला जन्मले हे. घरचा तवा थंड." पण असं म्हणतानाच त्यांच्यासाठी ताट झाकून ठेवायच्या, आणि ते ताट बहुतेक रात्री झाकलेलंच राहायचं.

मी जालन्याची, बाजारपेठेतल्या घरातली. मला ही समाजसेवा कधी पचली नाही, आणि मी ते लपवलंही नाही. एकदा ताट वाढताना मी म्हणाले, "मामंजी, गावाला दुसरा कोणी नाही का?" ते हसले. "हाय की, सूनबाई. पण त्यो पण माझ्याकडंच बघून राह्यला न्हाई का." या माणसावर रागावून उपयोग नसे, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

बाहत्तरचा दुष्काळ आमच्याकडं खरा जाणवला तो पुढच्या उन्हाळ्यात. बायका-पुरुष खडी फोडायला जात, रेशनची लाल ज्वारी खात, आणि पाणी सगळ्यात शेवटी संपलं. गावाच्या मोठ्या विहिरीत तेवढं राहिलं, तेही तळाशी. एवढ्या खोलवरून पोहऱ्यानं ओढता ओढता बायकांचे हात सोलून निघायचे. मामंजींनी दुकानातलं एक इंजिन उचललं, पंप जोडला आणि विहिरीतून एक टाकी भरायची सोय केली. टाकीला नळ, नळावर सगळं गाव. बौद्धवाड्यातल्या बायका त्याच नळावर यायला लागल्या तेव्हा दोन-चार जुनी खोडं कुरकुरली. मामंजी त्यांना म्हणाले, "इंजिन माझं हाय. ज्याला चालत नसंल त्यानं आपला पोहरा घ्यावा." कुणी घेतला नाही.

पण इंजिनालाही मर्यादा असते. पाणी फार खोल गेलं की वर बसून त्याला ते ओढता येत नाही, त्याला पाण्याजवळ न्यावं लागतं. म्हणून आधी त्यांनी विहिरीच्या पहिल्या टप्प्यावर फळ्या टाकून इंजिन बसवलं. पाणी आणखी उतरलं. साखळीनं इंजिनही आणखी उतरवलं. चैत्रात ते अर्ध्यावर होतं, वैशाखात जवळजवळ तळाला. वरून बघितलं की खालून नुसता धडधडाट यायचा आणि निळसर धूर हळूहळू वर चढायचा. मला ती विहीर बघवत नसे.

धूर वर काढायला लांब पाईप लावायचा होता. मामंजींनी तो आणलाही होता. पण त्याच आठवड्यात बौद्धवाड्यातल्या दोन म्हाताऱ्या नळावर चक्कर येऊन पडल्या, तेवढं लांब चालून. मामंजींनी तो पाईप पाण्याच्या लायनीला जोडला आणि दुसरा नळ थेट त्यांच्या वाड्याच्या तोंडाशी नेला. दुकानातला मिस्त्री म्हणाला, "शेठजी, धुराचं काय?"

"धुराचं मागून बघू. आधी पाणी."

मिस्त्रीनं ऐकलं, कारण धुराचं बघायला कंदील होताच. आमच्या भागात जुन्या विहिरीत माणूस उतरायच्या आधी दोरीला बांधून पेटता कंदील सोडतात. विझला तर खाली हवा वाईट, उतरायचं नाही. जळत राहिला तर बेलाशक उतरावं. गाळ काढणारे, खोदणारे, आत पडलेली भांडीकुंडी काढणारे, सगळे हेच करत. मामंजींनी हा नियम एक दिवस चुकवला नाही. इंजिन सुरू करायला उतरायचं तरी आधी कंदील. कंदिलाची काच मीच पुसून द्यायची. तो कधीच विझला नाही.

विझला नाही, पण बाकीचं सगळं सांगत होतं. विहिरीच्या कोनाड्यांत पारवे राहायचे. ते पाण्यावर मरून तरंगायला लागले. लोक म्हणाले, उन्हानं. मामंजी रोज संध्याकाळी डोकं धरून घरी यायचे. सासूबाई सुंठ उगाळून कपाळाला लावायच्या. ते म्हणायचे, ऊन लागलं. एकदा ते ओसरीची पायरी चढता चढता खाली बसले आणि उलटी झाली. म्हणाले, रेशनची ज्वारी बाधली. त्या वर्षी ऊन होतं, ज्वारी सडकी होती, सगळ्याला कारण तयार होतं. मी म्हणाले, "मामंजी, दोन दिवस जाऊ नका. मिस्त्रीला पाठवा."

"माझ्या मालापायी दुसऱ्याचं लेकरू खाली उतरवू?" ते म्हणाले. "बराबर हाय का ते?"

मी भांडी आपटत आत गेले.

त्या दुपारी ते जेवायला आले नाहीत, म्हणून भाकरी घेऊन मीच विहिरीवर गेले. इंजिन सकाळपासून चालून आपोआप बंद पडलं होतं. पंपाच्या तोंडाशी गाळ अडकला असावा, असं मिस्त्री म्हणाला. नळावर घागरींची रांग लागली होती आणि सगळ्या बायका विहिरीकडं बघत होत्या. मी म्हणाले, आधी दोन घास खाऊन घ्या. "त्या उभ्या हायत न्हाई का उन्हात," ते म्हणाले आणि त्यांनी कंदील सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. तो खाली जाऊन टेकला आणि मस्त जळत राहिला. मामंजी उतरले.

वरून ते लहान दिसत होते. पंपाशी वाकले, काहीतरी ओढलं. मग सरळ झाले, भिंतीला हात लावला आणि हळूच खाली बसले. अगदी जेवायला बसल्यासारखे. कंदील शेजारी होता.

"थकले असतील," कुणी तरी म्हणालं.

मिस्त्रीनं हाक मारली. मग सगळ्यांनी मारली. ते मान खाली घालून बसून राहिले. मिस्त्री दोरी कमरेला बांधून उतरला. अर्ध्याच्या थोडं खाली गेला आणि त्याचा पाय सुटला. लोकांनी ओढून वर काढला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, तो नुसता ओकत होता. पहिलवान गडी होता तो.

"उपाशी असंल," एक जण म्हणाला. "हवा तर चांगली हाय. कंदील जळतोय की."

तेवढ्यात माझा नवरा दुकानातून धावत आला. त्याला कुणी तरी सांगितलं होतं. कठड्यावर आला, खाली बघितलं, चपला काढल्या आणि पाय आत टाकला. मी त्याला मागून कमरेला धरलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चार लोकांत मी त्याच्याशी बोललेसुद्धा नव्हते. डोक्यावरचा पदर पडला, त्याचं भान राहिलं नाही.

"सोड! बाप हाय माझा खाली!"

मी सोडलं नाही. त्यानं कोपर मारलं, माझा ओठ फुटला. तो माझी बोटं उलगडायला लागला तेव्हा मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. गावकरी धावले, मला ओढायला. "सूनबाई, येड्या झाल्या का? जाऊ द्या त्याला. कंदील जळून राह्यलाय बघा!"

"कंदील जळून राह्यलाय," मी ओरडले, "पर माणूस न्हाई उठून राह्यला!"

काय समजलं होतं मला? काहीच नाही. मी मिस्त्रीचं तोंड बघितलं होतं, तेवढंच. मला फक्त एवढं ठाऊक होतं की या विहिरीत गेलेला माणूस येत नाही आणि माझ्या हातात एक अजून आहे. शेवटी मिस्त्रीच कसाबसा उठून बसला आणि त्यानं हात हलवून सांगितलं, नका, कुणी उतरू नका. मग लोकांनी लिंबाचे डहाळे दोरीला बांधून विहिरीत खालीवर हलवले, घागरीवर घागरी ओतल्या. बायकांनी रांगेत मिळालेलं पाणी परत विहिरीत ओतलं. ऊन कललं तेव्हा एक जण तोंडाला ओला पंचा बांधून उतरला आणि त्यानं मामंजींना दोरीला बांधून वर पाठवलं. कंदील तोवर जळतच होता.

मंठ्याचे डॉक्टर म्हणाले, इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्यात दिवा विझत नाही. हे आमच्याकडं कुणालाच माहीत नव्हतं.

अख्खा गाव अंत्ययात्रेला आला आणि घरी जाऊन बोलायला लागला. सुनेनं पोराला बापाकडं जाऊ दिलं नाही. लवकर काढलं असतं तर वाचले असते. हे माझ्या कानावर येईल अशी काळजी घेऊनच बोललं जायचं. नवरा माझ्याशी कामापुरतं बोले. सासूबाई तेवढंही नाही. मी स्वयंपाक करायची, त्या जेवायच्या. घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

तेरावं झालं. पाऊस नव्हताच. टाकी कोरडी होती, बायका पुन्हा पोहऱ्यानं ओढत होत्या. तेव्हा गावातली पाच-सहा मोठी माणसं आमच्या ओसरीवर आली. शेठजींचं काम अर्धवट राहू नये, म्हणाले. धुराची सोय आता करू. पण इंजिन चालवायला, उतरायला घरचाच माणूस पाहिजे, त्यांच्याइतकी जाण दुसऱ्याला न्हाई. माझा नवरा खाली बघत बसला होता. मी दाराआड उभी होते. त्यानं हो म्हटलं असतं. त्या बापाच्या पोराला न्हाई म्हणायची सोयच नव्हती.

सासूबाई माजघरातून उठल्या आणि बाहेर ओसरीवर जाऊन उभ्या राहिल्या. पुरुषांच्या बैठकीत त्या कधी आल्या नव्हत्या.

"आमच्या घरानं गावाला एक माणूस दिलाय," त्या म्हणाल्या. "ह्यो दुसरा मी ठेवलेला न्हाई, हिनं ठेवलाय. आता त्यो हिचा हाय. काय विचारायचं ते हिला विचारा."

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. मला त्या घागरी दिसत होत्या, बौद्धवाड्यातल्या त्या म्हाताऱ्या दिसत होत्या, आणि त्यांचं वाईट वाटत होतं, आजही वाटतं. मी उंबऱ्याबाहेर आले आणि म्हणाले, "न्हाई."

माणसं उठून गेली. माझ्या नवऱ्यानं मान वर केली नाही, पण मी त्याच्या अगदी जवळ उभी होते, आणि त्यानं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला.