डिंगोऱ्याच्या उसात अर्ध्यावर तोडलेलं गाणं

शनिवार, १७ जानेवारी, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. जुन्नरजवळच्या डिंगोरे गावी, शेतावरच्या मुक्कामात माझ्यावर अन्याय झाला तो या वेळी. ही नोंद आधी, बाकीचं क्रमाने.

मी गेले शांततेसाठी. निवृत्त झाल्यापासून माझ्या उजव्या कानात एक बारीक शिट्टी वाजते. कुकरसारखीच, फक्त गॅस बंद करायची सोय नाही. डॉक्टर म्हणाले, ‘सवय करून घ्या.’ लग्नानंतर नवऱ्याबद्दल आईनेही हेच सांगितलं होतं. तेव्हाही जमलं नव्हतं. मग जाहिरात दिसली: ‘जुन्नरच्या शेतात संपूर्ण शांतता.’

पुण्याहून नारायणगावपर्यंत एसटी, तिथून जुन्नर, पुढे जीप. रस्ता बरा आहे. जीपमध्ये पुढच्या सीटवर चौथे म्हणून बसू नका. खोली स्वच्छ, पाणी गरम आणि मालकीणबाई सुमनताईंच्या हातची मासवडी अशी की मी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. शांतताही खरोखरच होती. घोटाळा तोच झाला. दुसरा आवाजच नाही म्हटल्यावर शिट्टीला रान मोकळं. दुपारी तीनला मी परतीची गाडी शोधत होते.

पाचला दहा मिनिटं असताना खिडकीची काच थरथरली. बाहेर आले तर बांधावर लग्नाच्या वरातीतले असतात तसले दोन काळे स्पीकर.

“हे काय चाललंय?” मी ओरडले.

मालक बबनराव कानाशी येऊन ओरडले, “बिबट्या, मॅडम. उसात लपतंय. बाया तोडीला हैत तवर वाजवावं लागतं.”

“मग भजनं लावा.”

“लावली व्हती की. त्याला लई सवय झाली. बांधावर येऊन बसायचं, राव. ही इंग्रजी गाणी लेकीनं पेनड्राइव्हात भरून दिली पुण्याहून. ह्याच्यापुढं नाय टिकत ते.”

मीही टिकणार नव्हते. पण खोलीकडे वळताना आवाज पायातून वर आला आणि मी टोमॅटोच्या पालथ्या क्रेटवर बसले. आधी ती नुसती भिंत होती. मग भिंतीत थर दिसू लागले. एका गिटारखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, मध्येच कोणीतरी बुडत असल्यासारखं गात होतं, आणि अगदी तळाशी आमच्या शाळेच्या चॅपलमधल्या ऑर्गनसारखा एकच सूर, न सोडता धरलेला. शाळेच्या कॉयरमध्ये सिस्टरने मला फक्त ओठ हलवायची परवानगी दिली होती. इथे मी गळा काढून गायले. कोणालाच ऐकू गेलं नाही, मलासुद्धा नाही.

तेव्हा लक्षात आलं, शिट्टी थांबली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

गाणं चढत होतं, ड्रम आता कोसळणार, आणि खट्. सगळं बंद.

“तोड झाली?” मी विचारलं.

“न्हाई. पर तुमी डोळं मिटून, डोकं धरून बसलेल्या. म्हटलं पावण्यांना तरास नको. बाया उद्या तोडतील.”

“लावा परत.”

“नाय मॅडम. जाहिरातीत शांतता लिवलीय.”

“शब्दाला लई पक्के हैत,” सुमनताई म्हणाल्या. “मला दिलेला सोडून.”

शिट्टी परत आली, काही झालंच नाही अशा थाटात.

दुसऱ्या दिवशी तोडीच्या आधीच, दुपारी ठरवून ठेवलेल्या गाडीने निघाले आणि मंचरला चहा घेऊन घरी पोचले. घरी मिक्सर लावून पाहिला, शेजाऱ्यांच्या ड्रिलपाशी उभी राहिले. एकालाही तळ नाही. मोठ्या आवाजाने कान आणखी बिघडतो म्हणून डॉक्टर रागावले. पन्नास मिनिटांची सुट्टी मात्र त्यांनी कधी दिली नव्हती.

बबनराव, तुमची लेक हा ब्लॉग वाचते असं तुम्हीच म्हणालात. तर त्या पेनड्राइव्हवरच्या गाण्यांची नावं आणि अर्ध्यावर तोडलेलं गाणं कोणतं ते कळवावं, आणि पुढची ऊसतोड कधी आहे तेही. रविवार, १ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत, लेखी. फोन करू नये. माझ्या एका कानाची लाइन कायम बिझी असते.