नाकावर चालणारं गॅरेज

आमच्या साडूंइतकं तिखट नाक अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरं नसेल, हे मी पैजेवर सांगत आलो आहे. अंबडला त्यांचं छोटं गॅरेज आहे. गाडी आली की इतर मेकॅनिक बोनेट उघडतात. हे आधी पेट्रोलच्या झाकणापाशी वाकून एक लांब श्वास घेत, डोळे मिटत आणि नळी कुठे चिरली ते सांगत. ते नाक गॅरेजपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. एका लग्नात आहेर देता देता मध्येच थांबून "मसालेभात लागतोय खाली!" असं ते ओरडले, आणि मांडवामागे आचाऱ्याची धावपळ उडाली. आमच्याकडे आले की पाणी पिण्याआधी 'गॅस गळतोय' म्हणत सिलिंडरच्या नळीला साबणाचा फेस लावून बसत.

पेट्रोल पंपावर तर त्यांच्यासोबत जाऊच नये. मला आपली राउंड फिगरची सवय. नोझल टक् करून बंद झालं तरी मी पोराला म्हणायचो, "जरा हळूहळू घाल, पाचशे कर." साडू कळवळून म्हणत, "अहो साडूभाऊ, आग्रह पंगतीत करावा, टाकीत नाही! टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते, तिथून इंजिन ती ओढून घेतं. गळ्यापर्यंत भराल तर त्या डब्यात पेट्रोल शिरेल." मी मान डोलवायचो आणि पुढच्या वेळी पुन्हा पाचशे करायचो.

गेल्या वर्षी व्हायचं तेच झालं. गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि पेट्रोलचा असा भपकारा सुटला की बायकोनं नाकाला लावलेला पदर अंबडपर्यंत काढला नाही. साडू वाकले, श्वास घेतला, डोळे मिटले. मग म्हणाले, "कुठं काय? वास तर नाहीये."

बायको म्हणाली, "दाजी, थट्टा करताय का? माझं डोकं उठलंय!" आणि ती तरातरा रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली.

साडूंनी शटर अर्धं ओढलं आणि पडद्यामागून एक यंत्र काढलं. हे यंत्र नळ्यांमध्ये धूर सोडतं. जिथून धूर निघेल तिथे गळती. असली यंत्रं वापरणाऱ्यांना हे 'बिननाकाचे' म्हणायचे. बॅटरी धरून त्यांनी एकेक नळी तपासली. धूर कुठूनच गळेना. पण शेवटी कोळशाच्या डब्याच्या मोकळ्या तोंडातून तो बाहेर यायला हवा, तिथूनही येईना. त्यांनी तो कोळशाचा डबा सोडवून माझ्या हातात दिला. चांगला जड लागला. "पेट्रोल प्यायलाय. तुंबलाय. ही तुमची राउंड फिगर."

मी खजील झालो. पण माझ्या मनात दुसरंच आलं. तो डबा माझ्या हातात होता आणि वासानं मला मळमळत होतं. हे मात्र त्याच्यावर वाकून शांत उभे.

"साडूभाऊ, मध्यंतरी ताप आला होता ना, त्यानंतर गेला वास," ते हळूच म्हणाले. "घरीसुद्धा बोललो नाही. गिऱ्हाईक या नाकासाठी येतं हो. कळलं तर इथे कुत्रं फिरकणार नाही." नवा डबा बसवला, धूर सरळ पलीकडे निघाला. तरी त्यांचं समाधान होईना. दुसऱ्या कुणाच्या नाकावर जन्मात विश्वास न ठेवलेला हा माणूस झाकणाकडे बोट दाखवून म्हणाला, "जरा वास घेऊन सांगता का?" मी तीनदा वास घेतला आणि "नाही येत" म्हणालो.

आता दर रविवारी मी अंबडला जातो. बायकोला वाटतं, आम्हा साडूंचं अचानक फारच पटायला लागलंय. गाडी आली की मी उगीच तिच्याभोवती फिरतो, साडूंच्या कानाशी पुटपुटतो आणि ते डोळे मिटून गिऱ्हाइकाला ठणकावून सांगतात, "मागची नळी!" कधी मी चुकतो, मग धूर आम्हा दोघांना सांभाळून घेतो. दुपारी चहा येतो. कप तोंडाला लावण्याआधी साडू तो नाकाशी नेतात आणि बराच वेळ तसाच धरतात. तेवढा वेळ मी रस्त्यावरच्या गाड्या बघत बसतो.