गिरडचे एक कुटुंब कमी

समुद्रपूरहून गिरडला निघालेल्या एसटीत माझ्या मांडीवर बर्फाचा डबा होता आणि तो गळत होता. "मासे हायेत काय जी?" कंडक्टरने विचारले. रक्ताच्या नळ्यांसाठी आहे म्हटल्यावर शेजारचे आजोबा उठून मागच्या सीटवर गेले.

मी पुण्याचा संख्याशास्त्रज्ञ. दोन जनुके एकेकटी निरुपद्रवी असतात, एकत्र आली की मधुमेह आणतात, असा माझा दावा. तो सिद्ध करायला आई, बाप आणि मुलगा अशा तिघांचे रक्त लागते. दोघांनी मुलाला काय दिले आणि काय दिले नाही, हे ताडून पाहायचे. जमवलेल्या कुटुंबांवर माझी जनुकांची जोडी सिद्धतेच्या उंबरठ्यापर्यंत आली होती. आणखी एका कुटुंबाने ती आत येईल, अशी मला खात्री होती. एरवी मी संगणक सोडून चहाच्या टपरीपलीकडे जात नाही.

टेकडीवरचा दर्गा दिसला आणि गाव आले. स्टँडवर गजानन घ्यायला आला होता. तिशीचा, किराणा दुकानदार, शुगर आईसारखीच. घरी त्याच्या आईने, काशीबाईंनी, सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) तळली होती. सोबत मधुमेहाच्या अभ्यासकाला चांगला गोडमिट्ट चहा. खातखात मी पद्धत समजावली आणि अहवाल घरपोच येईल असे वचनही देऊन टाकले. गजानन आणि त्याचे वडील माना डोलावत होते. काशीबाई मात्र उठून आत गेल्या.

मागे हात धुवायला गेलो, तर त्या तांब्या घेऊन उभ्या.

"साहेब, कोन कोनाचा, हे बी समजते काय त्या मशीनले?"

"आधी तेच समजतं," मी ऐटीत म्हणालो.

"गजू माह्या बहिणीचा हाय. ते बाळंतपणात गेली. त्याले कोनीच सांगतलं नाई. आता मी नाई म्हटलं, तं तो पुसन, काऊन म्हणून."

मला राग आला, स्वतःच्या नशिबाचा. मग त्या माझ्या हातांवर पाणी ओतू लागल्या आणि मला लाज वाटली. अंगणात येऊन मी डबा उघडला, पटकन बंद केला. "बर्फ वितळला. रक्त टिकणार नाही." अर्धा बर्फ शाबूत होता.

गजानन एसटीपर्यंत आला. हिरमुसला होता. "पुन्हा येजा सर, बर्फ जास्त आणजा. मायची शुगर जशीच्या तशी मले आली. तुमच्या मशीनलेही दिसली असती."

पुण्यात जोडी उंबरठ्याबाहेरच राहिली. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. फॉर्मवर कुटुंब गळाल्याचे कारण मी 'बर्फ वितळला' असे लिहिले. आमच्या विभागप्रमुख सरांनी विचारले, "जानेवारीत?"

"गिरडला ऊन फार असतं," मी म्हणालो.

त्यांनी स्वेटरची बटणे लावली आणि सही केली.